गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून व त्रिंबकजी डेंगळे : पुराव्याची फेरतपासणी

शके १७३७, आषाढ शुद्ध १४, म्हणजे ता. २० जुलै १८१५ रोजीं रात्रीं पंढरपुरीं विठ्ठलाचें दर्शन घेऊन बिऱ्हाडीं परतत असतां बडोदें सरकारचे मुतालिक गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा भर रस्त्यांत खून झाला. हा खून दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे यानें करविला, असें तेव्हांपासून बहुतेक ग्रंथांत निःशंकपणें लिहिलेलें आढळतें. या आरोपापायीं त्रिंबकजी प्रथम ठाण्याच्या किल्ल्यांत व पुढें चुनारच्या किल्ल्यांत कैदेंत पडला. या आरोपापायींच पेशव्यांस तीन किल्ले ओलीस द्यावे लागले, व १८१७ चा पुण्याचा तह लिहून द्यावा लागला. एवढीं मोठीं फळें ज्या आरोपास आलीं, त्याचा इनसाफ मात्र कोणत्याही न्यायसभेपुढें झाला नाहीं. साक्षीदार आरोपीच्या समक्ष उभे राहिले नाहींत, व त्यांस उलट प्रश्न कोणीं विचारले नाहींत. ज्यास आपण आज ‘शाबीत झालेला गुन्हा’ म्हणतों, तें वस्तुतः एका रेसिडेंटाचें लेखी मत आहे. तें मत कोणत्या आधारांवर उभें आहे, व त्यांतील कोणते आधार वजन सोसतात, हें येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करितों. त्रिंबकजीस धुतल्या तांदळासारखा ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. निमगांव जाळीच्या पाटील घराण्यांतला हा मनुष्य जासुदाच्या कामावरून चढत चढत पेशवाईच्या कारभारापर्यंत पोंचला. त्याचा अंमल कडक होता. रयतेपासून पैसा उकळण्यांत त्यानें धन्याची मर्जी सांभाळली, रयतेची नाहीं. परंतु मनुष्य वाईट होता, एवढ्यावरून अमुक एक कृत्य त्याचेंच, असें ठरत नाहीं.

प्रथम तंटा काय होता तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गुजराथेंतील पेशव्यांच्या हिश्शाचा, म्हणजे अहमदाबाद सुभ्याचा इजारा १८०४ सालीं दहा वर्षांच्या मुदतीनें, सालिना साडेचार लाख रुपयांस गायकवाडांकडे दिला होता. ती मुदत १८१४ त संपली. त्याशिवाय पेशव्यांची गायकवाडांकडे जुनी बाकी होती. पेशव्यांच्या बाजूनें तिचा आंकडा एक कोटीच्या घरांत सांगत, आणि गायकवाडांच्या उलट मागण्या भडोच वगैरे प्रकरणांवरून होत्या. या सर्वांचा निकाल करण्यासाठीं शास्त्री १८१४ त पुण्यास आले. ते इंग्रजांची बहांदरी, म्हणजे जीविताची व मानमरातबाची हमी, घेऊन आले होते, आणि या प्रकरणाचा सारा कणा ही बहांदरीच आहे. शास्त्र्यांचा खून हा इतर कोणा वकिलाचा खून राहिला नाहीं; तो कंपनीच्या शब्दाचा भंग ठरला, व ज्याचा शब्द मोडला तोच पुढें तपास करणारा व निर्णय देणारा झाला.

शास्त्री चतुर, बोलके व इंग्रजी रीतीचे शोकी होते. पेशव्यांच्या मुत्सद्द्यांविषयीं ते मागें इंग्रजी शिव्या मिसळून बोलत, असें खुद्द एल्फिन्स्टनच्या खासगी लिहिण्यांत आहे. त्यास या मनुष्याचें मोठें कौतुक वाटे. पुण्यांत त्यांस मित्रांहून शत्रु अधिक मिळाले असल्यास नवल नाहीं. तरी १८१५ च्या आरंभापासून पेशव्यांनीं व त्रिंबकजीनें त्यांस हातीं धरण्याचा यत्न चालविला. सर्व बाकीच्या बदल्यांत गायकवाडांनीं सालिना सात लाखांचा मुलूख तोडून द्यावा, असा ठराव शास्त्र्यांनीं बडोद्यास लिहून पाठविला. पेशव्यांनीं आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलास देण्याचें ठरवून नाशिकास लग्नाची तयारीही केली. परंतु बडोद्याहून मुलुखाच्या ठरावास रुकार येईना. तेव्हां शास्त्र्यांनीं लग्न लांबणीवर टाकलें, आणि आपल्या कुटुंबास पेशव्यांच्या वाड्यांत पाठविण्याचेंही टाळलें. हा अपमान पेशव्यांच्या व कारभाऱ्याच्या मनांत सलत राहिला, व त्यांतून खून उद्भवला, असें एल्फिन्स्टनचें प्रतिपादन आहे.

आतां त्या रात्रीची हकीकत. ती मुख्यतः शास्त्र्यांच्या सोबतच्या माणसांनीं सांगितली व एल्फिन्स्टननें नोंदविली. शास्त्र्यांचे सहकारी बापू मैराळ त्यांच्याबरोबर पंढरपुरास नव्हते. एल्फिन्स्टन स्वतः वेरुळचीं लेणीं पाहावयास गेला होता. २० तारखेस शास्त्र्यांस बरें वाटत नव्हतें, म्हणून त्यांनीं देवदर्शनास येण्याचें नाकारलें. त्रिंबकजीकडून पुन्हा बोलावणें आलें कीं, गर्दी ओसरली आहे, यावें. अखेर ते थोडी, शस्त्र नसलेलीं माणसें बरोबर घेऊन निघाले. वाटेंत गर्दींतून एकानें विचारलें कीं, शास्त्री तो कोणता? दुसरा म्हणाला, कंठी घातलेला तो. हें शास्त्र्यांच्या एका माणसानें ऐकिलें, पण तेव्हां त्याचें महत्त्व त्यास कळलें नाहीं. दर्शन झालें, त्रिंबकजीशीं बोलणें झालें, व शास्त्री परत फिरले. देवळापासून फार दूर गेले नाहींत तोंच मागून तिघे जण वाट द्या, वाट द्या, असें ओरडत धांवत आले. त्यांनीं हातांवर वस्त्र गुंडाळलें होतें. एकानें वस्त्राचा फटकारा मारल्यासारखें केलें. तो तरवारीचा वार होता. दुसऱ्यानें शेंडी धरून त्यांस खालीं पाडलें, व क्षणांत काम झालें. समोरूनही दोघे चालून आले होते. सोबत्यांपैकीं तिघे जखमी झाले, बाकीचे पळाले. मारेकरी देवळाच्या दिशेनें निघून गेले.

ही हकीकत आम्ही खरी मानतों. ती सांगणाऱ्यांस खोटें रचण्याचें कारण नव्हतें, व तपशील असे बारीक आहेत कीं ते डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय सांगतां येत नाहींत. परंतु नीट वाचली असतां तींत त्रिंबकजीविरुद्ध प्रत्यक्ष असें एकच वाक्य निघतें. तें म्हणजे त्यानें आग्रहानें बोलाविलें. बाकी सर्व अनुमान आहे. मारेकरी देवळाकडे पळाले, आणि देवळाकडे पेशवे व त्रिंबकजी होते, म्हणून ते त्यांचेच, हा तर्क आषाढीच्या पंढरपुरास लागू पडत नाहीं. त्या गांवच्या गल्ल्या देवळाकडेच वळतात, आणि लपूं पाहणाऱ्यास वारकऱ्यांच्या दाटीसारखा आसरा दुसरा कोठें मिळणार? कंठीविषयींचा प्रश्न तर दोन्ही बाजूंनीं कापतो. शास्त्री दीड वर्ष पुण्यांत वावरत होते. त्रिंबकजीच्या हुजऱ्यांस व शिपायांस त्यांचें तोंड ओळखीचें असलें पाहिजे. ‘शास्त्री तो कोणता’ असें विचारणारा परका होता. भाडोत्री मारेकरी परकेच असतात, हें खरें. पण भाडें कोणीं दिलें, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं, उलट उघडा पडतो. प्रत्यक्ष वार करणारे पकडले जाऊन त्यांच्या तोंडून कारभाऱ्याचें नांव निघालें, असें कधींच झालें नाहीं. पाठवणारा आणि मारणारा यांस जोडणारा दुवा या पुराव्यांत नाहीं.

एल्फिन्स्टनचा खरा भर खुनानंतरच्या वर्तनावर आहे, व तेथें तो अधिक बळकट आहे. शास्त्र्यांच्या माणसांनीं तपासाची मागणी केली असतां त्रिंबकजीनें धागा सांपडत नाहीं असें म्हणून हात झटकले. आपल्या मतें संशय सीताराम रावजीवर किंवा कान्होजी गायकवाडावर जातो, असें तो बोलला. चौकी-पहारे वाढले, खुनाविषयीं बोलण्याची बंदी झाली. क्षेत्रांत, वारीच्या दिवसांत, देवदर्शनाहून येणाऱ्या ब्राह्मणाची हत्या होते, राज्याचा धनी त्याच गांवांत आहे, आणि सरकारी तपास म्हणून कांहीं होत नाहीं, ही गोष्ट कोणत्याही बचावानें झांकतां येणार नाहीं. तपास दडपला गेला, एवढें आम्हांस शाबीत वाटतें. पण तपास दडपणारा नेहमीं स्वतःलाच वांचवितो असें नाहीं. नोकर कधीं धन्यास झांकतो, कधीं धन्याच्या पाहुण्यांस.

पाहुणे म्हणण्याचें कारण असें. या प्रकरणांत बडोद्याची एक बाजू आहे, ती लोककथेंत पार लोपली आहे. सीताराम रावजी हा गायकवाडांचा पूर्वींचा दिवाण. त्याचा अधिकार गेला, व शास्त्री इंग्रजांच्या पाठिंब्यानें वर आले. सीतारामाच्या पक्षाचे गोविंदराव बंधूजी व भगवंतराव गायकवाड हे पुण्यास शास्त्र्यांच्या विरुद्ध खटपट करीत होते, व त्रिंबकजीच्या सहवासांत होते. शास्त्री नाहींसे झाले तर बडोद्याचा कारभार आपल्याकडे परत येईल, ही आशा या मंडळींस होती. त्रिंबकजीस तशी कोणती आशा होती? अहमदाबादेचा सुभा शास्त्री परत मागत होते, म्हणून त्याचा त्यांत स्वार्थ होता, असें कोणी म्हणेल. पण तो सुभा १८१४ सालींच त्रिंबकजीच्या नांवें झाला होता. सात लाखांच्या मुलुखाची गोष्ट चालू असेतों शास्त्री जिवंत राहणें पेशव्यांच्या फायद्याचें होतें. ती गोष्ट फिसकटल्यावर मनांत राग राहिला असेल. परंतु राग आणि लाभ यांपैकीं खुनाच्या तपासांत लाभाकडे आधीं पाहावें, हा जुन्या कारकुनांचाही नियम आहे.

एल्फिन्स्टनला ही बाजू दिसली नव्हती असें नाहीं. त्यानें त्रिंबकजीबरोबर बंधूजी व भगवंतराव यांस पकडण्याचीही मागणी केली, व बडोद्यास सीताराम रावजीवर पहारा बसला. मग असें झालें कीं, दोन तर्क एकत्र विणले गेले : बडोद्याच्या कटवाल्यांचें बुद्धिकौशल्य आणि त्रिंबकजीचा हात. हें अशक्य नाहीं. आमच्या मतें तेंच अधिक संभवनीय आहे. पण मग मुख्य आरोपी कोण व साह्यकारी कोण, हें ठरविण्याचें काम उरतें, आणि तें काम कोणींच केलें नाहीं. बडोद्याचीं माणसें बडोद्याच्या तुरुंगांत विसरलीं गेलीं. त्रिंबकजीचें नांव मात्र तहनाम्यांत शिरलें.

त्याचें कारण न्यायाचें नसून राजकारणाचें आहे. ऑगस्ट १८१५ त एल्फिन्स्टननें पेशव्यांस पत्र लिहून त्रिंबकजीच्या अपराधाविषयीं आपली खात्री झाली असल्याचें कळविलें. त्याच वेळीं पेशव्यांस स्वतःस त्यांत गोंवलें नाहीं. वाईट सल्लागारानें धन्यास फसविलें, अशा सुरानें लिहिलें. मनांतला संशय निराळा होता. पेशव्यांवर उघड आरोप केल्यास वसईच्या तहाची इमारतच हलली असती, व लॉर्ड मॉयराच्या सरकारास १८१५ त तें नको होतें. म्हणून आरोप असा आंखला गेला कीं तो वर जाऊं नये व फार खालींही जाऊं नये. कारभाऱ्यापाशीं येऊन थांबावा. ज्या आरोपाची वरची सीमा पुराव्यानें नव्हे तर धोरणानें ठरविली, त्याच्या निर्णयास न्याय म्हणतांना आमची लेखणी अडखळते.

पेशव्यांचें उत्तर असें कीं, अपराध शाबीत झाल्यास त्रिंबकजीस कैद करूं. एल्फिन्स्टन म्हणे, तो अधिकारावर असेतों साक्ष देण्यास कोण पुढें येणार? आधीं कैद करा. या वादांत एल्फिन्स्टनचें म्हणणें व्यवहारदृष्ट्या बरोबर होतें, असें आम्हांस वाटतें. दहशतींत साक्ष मिळत नाहीं. परंतु त्यावरून पुढील पाऊल असें निघतें कीं, आरोपी कैदेंत आल्यावर व दहशत संपल्यावर साक्षी घ्याव्या. सप्टेंबर १८१५ त त्रिंबकजी इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याचा जीव घ्यावयाचा नाहीं, एवढी अट होती. मग तो ठाण्यास वर्षभर होता. दहशतीचें कारण तेव्हां उरलें नव्हतें. चौकशी तरीही झाली नाहीं. १८१८ नंतर तर पेशवाईच राहिली नाहीं, पंढरपूर इंग्रजी अमलाखालीं आलें, एल्फिन्स्टन १८१९ त मुंबईचा गव्हर्नर झाला. क्षेत्रांतले बडवे, उत्पात, सेवेकरी, दुकानदार, मशालजी हे सर्व हयात होते व भय धरण्याजोगा कोणी उरला नव्हता. ज्यास सत्य हवें होतें त्यास यापेक्षां सोयीचा काळ कोणता मिळणार होता?

येथें १७७३ ची आठवण होणें स्वाभाविक आहे. नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यांत झाला तेव्हां रामशास्त्री प्रभुणे यांनीं गादीवर बसूं पाहणाऱ्या रघुनाथरावाच्या राज्यांतच तपास केला, व त्याच्यावर दोष ठेवण्यास ते कचरले नाहींत. बेचाळीस वर्षांनीं त्याच रघुनाथरावाच्या मुलाच्या राज्यांत खून झाला, तेव्हां पुण्यांत तपास करणारा न्यायाधीश उरला नव्हता, आणि बाहेरून आलेल्या सत्तेनें आपला न्यायाधीश बसविला नाहीं. एका पिढींत राज्याचें काय झालें, तें या दोन तपासांवरून दिसतें.

ता. १२ सप्टेंबर १८१६ रोजीं त्रिंबकजी ठाण्याहून निसटला. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. त्यांस मराठी येत नव्हतें. एका अधिकाऱ्याच्या पदरचा मोतद्दार घोडा खरारतांना गाण्यांतून निरोप सांगत असे, ही कथा प्रसिद्धच आहे, व बिशप हेबरनें १८२४ त चुनार येथें त्रिंबकजीस पाहिल्यावर ती लिहून ठेविली. सुटल्यावर त्रिंबकजीनें महादेवाच्या डोंगरांत व खानदेशाकडे माणसें जमविलीं. हें बंड म्हणजे त्याच्या अपराधाचा कबुलीजबाबच, असें पुष्कळांनीं मानलें आहे. कंपनीशीं तो वैर धरीत होता, हें त्यावरून ठरतें. पंढरपूरच्या मारेकऱ्यांस त्यानें पाठविलें, हें ठरत नाहीं. वर्षभर विनाचौकशी कोंडलेला मनुष्य सुटल्यावर कोंडणाऱ्याविरुद्ध उठला, यास न्यायशास्त्रांत पुरावा म्हणत नाहींत.

दुसरा कबुलीजबाब पेशव्यांचा सांगतात. मे १८१७ त एल्फिन्स्टननें पुण्याभोंवतीं फौज उभी करून एका महिन्यांत त्रिंबकजीस स्वाधीन करण्याची मागणी केली, व तोंपर्यंत सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले ओलीस मागितले. त्रिंबकजीस पकडून देणारास दोन लाख रुपयांचें बक्षीस पेशव्यांस जाहीर करावें लागलें. ता. १३ जून १८१७ च्या तहाच्या पहिल्याच कलमांत त्रिंबकजीच्या अपराधाची पेशव्यांच्या तोंडून कबुली आहे. त्याच तहानें गायकवाडांवरील सर्व मागण्या सालिना चार लाखांवर तुटल्या, व अहमदाबादेचा इजारा साडेचार लाखांस पुन्हा गायकवाडांकडे गेला. म्हणजे शास्त्री ज्या कामास आले होते, तें त्यांच्या मरणानें, त्यांनीं स्वतः कबूल केलेल्या सात लाखांहून पुष्कळ स्वस्तांत पार पडलें. तोफांच्या समोर लिहिलेल्या कलमास साक्षीची किंमत कोणताही कागद तपासणारा देणार नाहीं. आपल्या दप्तरांतील जमिनीचा वाद असता, व प्रतिवादीच्या दारांत वादीचे शिपाई बसवून राजीनामा लिहून घेतला असता, तर तो आपण रद्दच धरला असता.

मग ही गोष्ट एवढी पक्की कशी झाली? ग्रांट डफचा इतिहास १८२६ त प्रसिद्ध झाला. डफ हा पुण्यास एल्फिन्स्टनच्या हाताखालीं काम केलेला, त्याच्या उत्तेजनानें लिहिणारा, व ग्रंथ निघाला तेव्हां एल्फिन्स्टन गव्हर्नर होता. खुनाच्या प्रकरणांत डफ म्हणजे एल्फिन्स्टनच्या खलित्यांचा सुवाच्य सारांश आहे. पुढें लौकरच कॅप्टन केपनचें भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ म्हणून निघालें, आणि तीच हकीकत मराठींत, बखरीचें नांव धारण करून, शाळांतून फिरली. नंतरच्या लेखकांनीं डफ, केपन व खलिते असे तीन आधार दिले, तरी मुळांत आधार एकच आहे. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७ सालीं डफच्या ग्रंथावर टीका करून त्याचीं साधनें तपासण्याची वाट दाखविली. पंढरपूरच्या खुनापर्यंत ती वाट नेणें बाकी राहिलें.

आमचें मत असें. त्रिंबकजीनें तपास दडपला, हें शाबीत आहे. बडोद्याच्या कटाची त्यास आधीं माहिती होती, असा संशय सबळ आहे. वारंवार केलेलें आमंत्रण त्या संशयास पुष्टि देतें. त्यानें स्वतः मारेकरी नेमले, ही गोष्ट शाबीत नाहीं, व जी चौकशी तिची शाबिती करूं शकली असती ती हेतुपुरस्सर टाळली गेली. यास्तव पुढील ग्रंथांत ‘त्रिंबकजीनें खून केला’ असें न लिहितां ‘त्रिंबकजीवर खुनाचा आरोप ठेवण्यांत आला’ असें लिहावें, एवढी दुरुस्ती आम्ही सुचवितों.

आतां पुढील कामाविषयीं. इंग्रजी खलिते पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या मालेंत छापले गेले आहेत. ते डफच्या ओळींशीं ताडून पाहिले पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे मोडी कागद : पेशवे दप्तरांतील शके १७३७ चे रोजकीर्दींचे व हुजूर खर्चाचे बंद, ज्यांत आषाढ महिन्यांत पंढरपूरच्या मुक्कामीं नवे शिपाई ठेवल्याचा किंवा कोणास बिदागी दिल्याचा खर्च पडला असल्यास दिसेल; बडोद्याच्या दप्तरांतील सीताराम रावजीकडील हुंड्यांचा हिशेब; आणि पंढरपूरच्या बडवे व उत्पात घराण्यांतील खासगी वह्या. हुंडी ज्या सावकाराच्या पेढीवर पटली, त्याच्या वहींत रक्कम, मिती व घेणाराचें नांव या तीन गोष्टी असतातच. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं पुणें, नाशिक वा बडोदें येथील सावकारी पेढ्यांच्या शके १७३६ ते १७३८ या सालांच्या खतावण्या असतील, त्यांनीं आषाढ व श्रावण या दोन महिन्यांचे बंद पाहून त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. कसर लागलेले बंद न उलगडतां तसेच दाखविले तरी चालतील.